तुटला तर काय होईल?

धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबच्या बाजारात प्लास्टिकचा दोर किलोवर मिळतो. निळी, हिरवी, पिवळी भेंडोळी दुकानाच्या दारात टांगलेली असतात. घेणारा बोटांनी जाडी चाचपतो, भाव विचारतो आणि हवा तेवढा तुकडा तोडून घेतो. त्याच भेंडोळ्यातला एक तुकडा बैलाचा कासरा होतो, दुसरा म्हशीचे दावे होतो, तिसरा ट्रॉलीतल्या कडब्यावर आवळला जातो, चौथ्याला बोअरमधली मोटार लटकते. विहिरीतला गाळ काढायची वेळ आली की पाचव्याला धरून माणूस खाली उतरतो. दोर कशाचा आहे, किती भार पेलतो, उन्हात किती टिकतो, हे दुकानदार सांगत नाही आणि गिऱ्हाईकही विचारत नाही. चर्चा होते ती भावाची: स्वस्त घ्यावा की चार पैसे जास्त घालून चांगला घ्यावा? हा प्रश्नच अपुरा आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे. हा दोर तुटला तर काय होईल, हे आधी विचारायला हवे. दोराला किती पैसे द्यायचे ते त्या उत्तरावरून ठरते. कधी त्याचे उत्तर ‘सर्वांत स्वस्त घ्या’ असे येते, कधी ‘परवडत नसेल तर काम थांबवा’ असे येते. दोन्ही उत्तरे तितकीच खरी आहेत.

हा प्रश्न सर्वांत काटेकोरपणे विचारला जातो तो शिडाच्या नौकेवर. मांजरा नदीच्या काठी, समुद्रापासून इतक्या लांब असलेल्या तालुक्यात नौकेचा दाखला कशाला, असे कुणाला वाटेल. दाखला द्यायचा तो एवढ्यासाठी की तिथे दोराच्या निवडीत झालेली चूक लपत नाही. गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेली ‘म्हादेई’ ही नौका फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी १९ ऑगस्टला दिलीप दोंदे तिच्यातून मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने जगाला वळसा घालणारे ते पहिले भारतीय. तिच्याच जातीची ‘तारिणी’ २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन जग फिरून आली. ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी तिच्यातूनच प्रदक्षिणा केली. अशा नौकेत वाऱ्याचा जोर शिडातून नौकेपर्यंत पोचतो तो तारा आणि दोर यांच्यातूनच. दक्षिण महासागरात, जवळचा किनारा हजारो किलोमीटरवर असताना, तुटलेला दोर बदलून आणायला दुकान नसते. म्हणून तिथला माणूस दोर घेताना आधी काम विचारतो आणि मग भाव.

त्या कामांची वाटणी पाहण्यासारखी आहे. शीड वर चढवून धरणारा दोर ताणला जाता कामा नये. तो ताणला की शीड ढिले पडते आणि नौकेचा वेग जातो. त्यामुळे तिथे पॉलिएस्टरचा, किंवा स्पर्धेच्या नौकेवर डायनिमासारख्या अतिबळकट धाग्याचा दोर लागतो. धक्क्याला नौका बांधायचा दोर मात्र ताणलाच पाहिजे. लाटेसरशी नौका हिसका देते आणि तो हिसका दोराने पोटात घेतला नाही तर नौकेवरचे खुंट उखडून येतात. तिथे नायलॉन वापरतात. तो तुटण्याआधी आपल्या लांबीच्या पाचव्या हिश्शापर्यंत, कधी त्याहूनही जास्त, लांबतो. हाताने सतत ओढायच्या दोराची साल मऊ हवी, बोटांना धरणारी हवी. पाण्यात पडलेल्या माणसाकडे फेकायचा दोर तरंगला पाहिजे. हे काम पॉलिप्रोपिलीन चोख करते, कारण त्याची घनता पाण्याहून कमी, ०.९१ इतकी आहे. म्हणजे कळंबच्या दुकानात टांगलेला स्वस्त दोर ज्या जातीचा, त्याच जातीचा दोर समुद्रात जीव वाचवायच्या कामी निवडला जातो. तो स्वस्त आहे म्हणून कुणी त्याला हिणवत नाही. उलट अतिमहाग डायनिमा अशा नौकेला धक्क्यावर सहसा कुणी बांधत नाही, कारण तो जवळजवळ ताणलाच जात नाही. महाग दोर सगळीकडे वापरला म्हणजे सगळीकडे सुरक्षितता आली, हा समज इथेच गळून पडतो.

आकड्यांत सांगायचे तर १२ मिलिमीटर जाडीचा नवा तीनपदरी दोर घेतला तर घायपाताचा साधारण १ टनाच्या आसपास तुटतो, पॉलिप्रोपिलीनचा २ टनांच्या, पॉलिएस्टरचा त्याहून थोडा वर आणि नायलॉनचा ३ टनांच्या आसपास. त्याच जाडीचा डायनिमाचा दोर १० टनांच्याही पुढे जातो. हे सारे आकडे कोऱ्या, कोरड्या, बिनगाठीच्या दोराचे आहेत. गाठ मारली की दोराची ताकद तिसऱ्या हिश्शाने, कधी निम्म्यानेही घटते, कारण गाठीच्या तीव्र वळणात बाहेरच्या धाग्यांवरच सगळा भार येतो. पदर उकलून पुन्हा दोरातच गुंफून डोळा केला तर ताकद जवळपास शाबूत राहते. नायलॉन भिजला की दहा-पंधरा टक्के अशक्त होतो, पॉलिएस्टर होत नाही. पॉलिप्रोपिलीन १६५ अंशांच्या सुमाराला वितळते, त्यामुळे त्याचा दोर कडेवर किंवा लोखंडावर घासत वेगाने सरकला की धागे घर्षणानेच वितळून चिकटतात. पॉलिएस्टरला त्यासाठी २५० अंशांच्या वर तापावे लागते. एकाच दुकानात, एकाच जाडीत, एकाच रंगात असलेल्या दोन दोरांमध्ये एवढे अंतर असू शकते. डोळ्यांना त्यातले काही दिसत नाही. बोटांनी चाचपून कळते ती फक्त जाडी.

ही वाटणी आपल्याकडे नवी नाही. मराठवाड्यात मोटा चालत होत्या तेव्हा प्रत्येक मोटेला दोन दोर असत. नाडा जाड, तो वरच्या चाकावरून जाई आणि पाण्याने भरलेल्या मोटेचा सारा भार पेली. सोंदूर बारीक, तो खालच्या कण्यावरून जाई आणि मोटेची सोंड धरून ठेवी. बैल धावेवरून उतरले, मोट वर आली की सोंदुराच्या ओढीने सोंड थारोळ्याकडे वळे आणि पाणी पाटाला लागे. एक दोर ताकदीचा, दुसरा नियंत्रणाचा. सोंदूर नाड्याइतका जाड केला असता तर काही बिघडले नसते, पण पैसा वाया गेला असता. नाडा सोंदुराइतका बारीक केला असता तर मोट विहिरीत गेली असती. शिडाच्या नौकेवर शीड चढवायचा दोर आणि शीड वळवायचा दोर यांत जो भेद करतात तोच हा भेद. तो कुठल्याही पुस्तकातून शेतात आला नव्हता. बैल, विहीर आणि पाणी रोज डोळ्यांपुढे असल्यामुळे दोराचे काम आणि दोराची जात यांची सांगड आपोआप बसलेली होती. जनावरांच्या सरंजामातही हेच. नाकातली वेसण मऊ सुताची किंवा तागाची, हातातला कासरा लांब आणि हलका, गळ्यातले दावे रुंद पिळाचे, गाडीवरचे चऱ्हाट जाडजूड. प्रत्येक नगाचा पीळ, लांबी आणि कच्चा माल वेगळा होता.

हे दोर वळत कोण होते, हेही स्पष्ट सांगायला हवे. हे काम मातंग समाजाकडे होते. बलुत्याच्या व्यवस्थेत गावाला लागणारे दोर पुरवायचे आणि सुगीला धान्य घ्यायचे. केकताडाची, म्हणजे घायपाताची, पाने पाण्यात कुजवायची, ठेचून गर काढायचा, वाख धुऊन वाळवायचा, विंचरायचा, मग एका दिशेने पीळ देऊन सूत आणि उलट दिशेने पीळ देऊन पदर घडवायचे आणि तीन पदर एकत्र वळायचे. या उलटसुलट पिळामुळेच दोर आपण होऊन उकलत नाही. एका पिळाची सुटायची ओढ दुसरा पीळ अडवतो. हे कुजक्या पाण्यातले, हाताची साल काढणारे काम जन्माने लादलेले होते आणि त्याचा मोबदला गावाच्या मर्जीवर होता. त्यामुळे जुने दिवस परत यावेत असे म्हणणे हा अन्याय ठरेल. ज्यांनी ते काम सोडले आणि मुलांना शाळेत घातले, त्यांनी योग्यच केले. प्रश्न वेगळा आहे. व्यवस्था मोडली ते बरे झाले. तिच्याबरोबर कोणत्या कामाला कोणता दोर याचे ज्ञानही गेले आणि ते दुसऱ्या कुणी उचलून धरले नाही, हे मात्र बरे झाले नाही. कारागीर गेला तेव्हा वळणाऱ्या हातांबरोबर सल्ला देणारा माणूसही गेला. त्याच्या जागी आलेल्या भेंडोळ्याला बोलता येत नाही.

हे एकट्या प्लास्टिकमुळे घडले, असे म्हणणेही अर्धवट ठरेल. ज्वारीच्या पाभरीत अंबाडीची ओळ असे. तिचा पाला भाजीला आणि देठाचा वाख दोराला. खरिपाची ज्वारी मागे पडून कळंब, वाशी, भूम या पट्ट्यात सोयाबीन पसरले तसा अंबाडीचा हा वाख दारातून नाहीसा झाला. डिझेल इंजिन आणि मग विजेचा पंप आला तशी मोट गेली आणि नाड्याचे गिऱ्हाईकच संपले. ट्रॅक्टर आला तसे बैल घटले. एकीकडे कच्चा माल आटला, दुसरीकडे मागणी आटली आणि नेमक्या त्या वेळी स्वस्त, रंगीत, न कुजणारा दोर दुकानात येऊन पडला. जगातही वनस्पतीजन्य दोर असाच मागे पडला. १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धामुळे रशियाचा भांग-वाख दुर्मिळ झालेला असताना जॉन फोर्ब्स रॉयल यांनी हिंदुस्थानातल्या वाखाच्या वनस्पतींवर ग्रंथच लिहिला, कारण साम्राज्याच्या जहाजांना दोर हवा होता. नायलॉन १९३५ मध्ये, पॉलिएस्टर १९४१ मध्ये आणि पॉलिप्रोपिलीन १९५४ मध्ये जन्मले, आणि पुढच्या काही दशकांत जहाजांवरचा वनस्पतीजन्य दोर जवळपास संपला. फरक एवढाच की नौकांच्या जगात नव्या धाग्यांबरोबर नवी वाटणीही आली. आपल्याकडे फक्त धागा आला.

प्लास्टिकच्या दोराचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. तो पावसात कुजत नाही, उंदीर-वाळवीला सहसा बळी पडत नाही, हलका असतो, घायपाताच्या दुप्पट ताकदीचा असतो आणि लगेच मिळतो. कडब्याच्या पेंढ्या आवळायच्या असतील, मांडवाच्या कनाती ताणायच्या असतील, कुंपणाला फांद्या बांधायच्या असतील, तर त्याला तोड नाही. तिथे तो तुटला तर पेंढी सुटेल, पुन्हा बांधता येईल. बैलजोडीचेच बघा. बैल दिवसभर कामाला जुंपला तर आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी ओढ सातत्याने देतो. आठशे किलोंची जोडी म्हणजे ऐंशी किलोंच्या आसपास. हिसक्याला ती अनेक पटींनी वाढते, हे धरूनही दोन टनांचा दोर कुळवाला लागत नाही. इथे खर्च वाढवणे हा शेतकऱ्यावरच अन्याय होईल. दोष प्लास्टिकचा नाही, ते सरसकट वापरण्याचा आहे.

मराठवाड्याच्या उन्हात या दोराचे काय होते ते एकदा जवळून बघावे. एक उन्हाळा गोठ्याच्या पत्र्यावर पडून राहिलेला निळा दोर हातात घ्या. त्याचा रंग फिका, दुधट झालेला असतो. दोन्ही हातांनी पीळ उलटा फिरवून पदर वेगळे केले तर बाहेरचे धागे ताठ, ठिसूळ होऊन मोडतात आणि बोटांना निळसर भुकटी लागते. आतल्या बाजूचे धागे मात्र अजून चमकदार असतात. उन्हातली अतिनील किरणे पॉलिप्रोपिलीनच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतात. त्यापासून संरक्षण देणारी द्रव्ये धाग्यात मिसळलेली असतील तर ही झीज पुष्कळ मंदावते, नसतील तर चाळीस अंशांवर जाणाऱ्या उन्हाळ्यात ती झपाट्याने होते. द्रव्ये आहेत की नाहीत, हे भेंडोळ्यावर लिहिलेले नसते. बारीक दोराला याचा फटका जास्त, कारण त्याला बाहेरची साल जास्त आणि आतला गाभा कमी. लांबून पाहिले तर दोर तोच, जाडी तीच. ताकद मात्र किती उरली ते सांगता येत नाही. पीळ उकलून बघणे ही फुकटची तपासणी आहे. तिला कुठलेच यंत्र लागत नाही, फक्त ती करायची सवय लागते.

आता ज्या दोरावर जीव टांगला जातो त्याकडे येऊ. विहीर खोदताना, बांधकाम करताना, गाळ काढताना, पडलेली मोटार काढताना आणि दुष्काळात तळाचे पाणी भरताना माणसे विहिरीत उतरतात. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या दिवसांत मराठवाड्यात ओंजळभर पाण्यासाठी विहिरीच्या तळाशी उतरणे रोजचे झाले होते. अशा वेळी दोर भार पेलतो का, एवढेच विचारून भागत नाही. माणूस निसटला तर हिसका केवढा बसतो, हे विचारावे लागते. साधा हिशेब करून बघू. ८० किलोंचा माणूस दोन मीटर खाली कोसळला आणि दोर फक्त वीस सेंटिमीटर ताणून थांबला, तर त्या क्षणी दोरावर आणि माणसाच्या कमरेवर येणारा भार जवळपास १,७५० किलोंइतका होतो. तोच दोर एक मीटर ताणला तर भार ४८० किलोंच्या आसपास राहतो. म्हणजे पहिल्या प्रसंगात दोन टनांचा दोर गाठीपाशी तुटू शकतो. तुटला नाही तरी माणसाचा मणका वाचेल याची खात्री नाही. गिर्यारोहकांचा दोर मुद्दाम लवचिक का करतात आणि नुसता जाड दोर कमरेला बांधणे म्हणजे सुरक्षा का नव्हे, ते या दोन आकड्यांत आहे. म्हणून माणूस उतरायचा तर खांद्या-मांड्यांवरून जाणारा पूर्ण पट्टा आणि त्यासाठीच बनवलेला दोर लागतो. अशा पट्ट्यांसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस ३५२१ हे मानक आहे. तो दोर दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरायचा नाही, उन्हात टाकायचा नाही आणि एकदा मोठा हिसका खाल्ला की तो निवृत्त करायचा, हा नियम जगभर पाळतात.

बोअरमधली मोटार हे मधल्या पायरीचे उदाहरण आहे. मोटार, केबल, पाइप आणि पाइपातले पाणी मिळून दोन-तीनशे फुटांवर शंभर-दोनशे किलोंचा भार लटकत असतो. इथे ऊन नाही, अंधार आहे, त्यामुळे पॉलिप्रोपिलीनची मुख्य खोड इथे आड येत नाही आणि पाण्यात ते कुजतही नाही. मग दोर तुटतो कुठे? बहुतेक वेळा बोअरच्या तोंडाशी, जिथे तो लोखंडी केसिंगच्या काठावर घासतो आणि जिथे थोडासा भाग उन्हात उघडा असतो, किंवा गाठीपाशी. म्हणजे इथे दहापट महाग दोर घेण्यापेक्षा चांगल्या प्रतीचा, एक नंबर जाड दोर घ्यावा, काठावर घासू नये म्हणून त्यावर जुन्या पाइपचा तुकडा चढवावा, गाठीऐवजी गुंफून केलेला डोळा वापरावा आणि मोटार वर काढली की वरचा दोन-तीन मीटरचा तुकडा कापून टाकावा. नौकेवरचे लोक नेमके हेच करतात. कप्पीवर घासणारा भाग सरकवत राहायचा आणि टोके बदलायची. दोर तुटला तर मोटार बोअरमध्ये कायमची जाते आणि कधी बोअरही निकामी होते. त्या तोट्यापुढे दोराचे वाढीव पैसे किरकोळ आहेत, पण महाग दोरापेक्षाही ही काळजी जास्त उपयोगी आहे.

जनावराचे दावे ही चौथी, आणि सर्वांत दुर्लक्षित जागा. इथे दोर तुटला तर काय होईल याइतकाच, तो तुटला नाही आणि सुटला नाही तर काय होईल हा प्रश्न महत्त्वाचा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव जिल्ह्यावर जो पाऊस कोसळला त्यात परंडा, भूम भागात माणसे बाहेर काढायला हेलिकॉप्टर आणावे लागले आणि दावणीला बांधलेली जनावरे जागीच बुडून गेली. रात्री पाणी चढत असताना ओल्या प्लास्टिक दोराची, जनावराच्या ओढीने आवळलेली गाठ हाताने सुटत नाही. जुन्या दाव्याला एका टोकाला फास आणि दुसऱ्या टोकाला बिरडे असे. बिरडे फासातून काढले की जनावर मोकळे. कोयता शोधावा लागत नसे. असे दावे असते तर सगळी जनावरे वाचली असती, असा दावा करता येणार नाही. पाणी तेवढा अवसर देतेच असे नाही. पण जिथे अवसर होता तिथे गाठ आड यायला नको होती. वेसणीचेही तसेच. प्लास्टिकचा बारीक दोर नाकातल्या नाजूक पडद्याला काचतो, घाम आणि पाणी शोषत नाही आणि जखम चिघळत ठेवतो. इथे सुती किंवा तागाची वेसण महाग पडली तरी किती पडेल? फार तर पोळ्याच्या सामानात चार पैसे वाढतील. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा अवाजवी आखूड किंवा जड साखळी-दोराने जनावर फार काळ बांधून ठेवणे गुन्हा मानतो. काचणाऱ्या दोराचा विचार आपण कायद्याची वाट न पाहता करायला हवा.

या म्हणण्यावर पहिला आक्षेप पैशाचा येईल. सोयाबीनचा भाव पडलेला, पीक पुरात गेलेले, आणि तुम्ही महाग दोर घ्यायला सांगता? आक्षेप खरा आहे, पण इथे तो लागू पडत नाही. वर केलेल्या वाटणीत बहुतेक कामांना स्वस्त दोरच पुरतो असे निघते. जीव टांगायचा दोर हा एका शेतकऱ्याने घ्यायचा नाहीच. वर्षातून एखाद-दोनदा लागणारी ती वस्तू आहे. ती गावाची असावी. दुसरा आक्षेप असा की स्वस्त दोर घेऊन वरचेवर बदलला तर महाग दोराइतकेच काम होते. हे कागदावर बरोबर आहे आणि उघड्यावरच्या किरकोळ कामांत व्यवहारातही बरोबर आहे. पण वरचेवर बदलण्यासाठी कधी बदलायचा हे माहीत असावे लागते. तारीख लिहिलेली नाही, खूण नाही, तपासणीची सवय नाही, अशा ठिकाणी स्वस्त दोर तुटल्यावरच बदलला जातो. विहिरीत तेवढी सवलत नसते. तिसरा आक्षेप उलट बाजूचा: मग सरळ सगळीकडे उत्तम तेच वापरा, डोक्याला ताप नको. त्याचे उत्तर धक्क्यावरच्या नायलॉनने आणि दावणीच्या गाठीने दिले आहे. जिथे ताणायला हवे तिथे न ताणणारा दोर आणि जिथे सुटायला हवे तिथे न सुटणारा दोर, कितीही भारी असला तरी घातकच.

चौथा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे. वनस्पतीजन्य दोर आता कुणाला हवा आहे? तो कुजतो, कमी ताकदीचा असतो. त्याची आठवण काढणे म्हणजे काळाला मागे ओढणे नव्हे काय? याचे उत्तर समुद्रावरच सापडते, आणि त्याचे एक टोक मराठवाड्यात आहे. अजिंठ्याच्या भिंतीवर रंगवलेल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून गोव्याच्या होडी इनोव्हेशन्सने केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली एक शिवलेले जहाज बांधले. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत; काथ्याच्या दोराने शिवलेल्या आहेत. मे २०२५ मध्ये ‘कौंडिण्य’ या नावाने ते कारवारला नौदलात दाखल झाले. डिसेंबरअखेर पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये ते मस्कतला पोचलेही. काथ्या डायनिमाच्या पासंगालाही पुरणार नाही, तरी त्या जहाजाला तोच योग्य, कारण लाटेबरोबर फळ्या किंचित हलल्या पाहिजेत आणि शिवणीने त्यांच्याबरोबर हलले पाहिजे. काथ्या जुना म्हणून निवडलेला नाही, कामाला बसतो म्हणून निवडला आहे. तीच कसोटी लावली तर सुताचा, तागाचा दोर वेसणीला, म्होरकीला, दाव्याला आजही बसतो. तो मऊ आहे, हाताला धरतो आणि तुटून शेतात पडला तर मातीत मिसळतो. प्लास्टिकचे तुकडे वर्षानुवर्षे मातीत राहतात, कडब्यातून जनावराच्या पोटात जातात. बाकी ठिकाणी वनस्पतीजन्य दोर बसत नाही, तिथे त्याचा आग्रहही नको. आणि तो वळणारा हात कोणत्या जातीचा आहे हे न विचारता, बचत गटाच्या यंत्रावर, ठरलेल्या भावात आणि रोख पैशांत तो वळला गेला पाहिजे. नाहीतर पुन्हा तोच अन्याय नव्या नावाने सुरू होईल.

हे सारे करायला ज्ञान परदेशातून आणावे लागत नाही. मासेमारीच्या जाळ्यांपासून भारी कामाच्या दोरांपर्यंत सारे बनवणारा गरवारे उद्योग १९७६ पासून याच महाराष्ट्रात आहे आणि त्याचा कारखाना वाईला आहे. मानके दिल्लीत लिहून तयार आहेत. कमी पडते ती कारखाना आणि कळंबचे दुकान यांच्यामधली एक चिठ्ठी. खताच्या पोत्यावर घटक छापलेले असतात, बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती आणि मुदत असते, कीटकनाशकाच्या डब्यावर विषाचा त्रिकोण असतो. दोराच्या भेंडोळ्यावरही चार गोष्टी मराठीत असायला हव्यात: धागा कोणता, तुटायचा भार किती, उन्हापासूनचे संरक्षण आहे की नाही, आणि माणूस चढवण्या-उतरवण्याला चालतो की नाही. यातली शेवटची ओळ ठळक लाल अक्षरांत असावी. कृषी केंद्राला परवाना लागतो, बियाण्याची तपासणी होते. ज्या वस्तूवर माणूस विहिरीत लोंबकळतो तिची विक्री मात्र निव्वळ वजनावर चालावी, याला काही कारण नाही.

दुसरी गोष्ट ग्रामपंचायतीची. पूर, विहीर आणि बोअर यांच्यासाठी प्रत्येक गावात एक पट्टा, दोन खास दोर आणि एक कप्पी असा संच असावा. तो कोरड्या, अंधाऱ्या पेटीत ठेवावा, त्यावर खरेदीची तारीख लिहावी आणि पावसाळ्याआधी दरवर्षी तो तपासावा. विहिरीत उतरणाऱ्या मजुराला तो मागण्याचा हक्क असावा आणि उतरवणाऱ्या मालकावर तो देण्याचे बंधन असावे. एका संचाचा खर्च विहिरीच्या अनुदानाच्या तुलनेत नगण्य आहे. विहिरीच्या अंदाजपत्रकात खोदाई, बांधकाम, मुरूम, दगड, सिमेंट अशा सगळ्या ओळी असतात. उतरणाऱ्या माणसाच्या दोराची ओळही त्यातच बसवली पाहिजे. शेतकऱ्यानेही आपल्या घरात एवढी शिस्त पाळावी की माणसाचा दोर वेगळा, मोटारीचा वेगळा, जनावराचा वेगळा आणि कडब्याचा वेगळा. रंग वेगवेगळे घेतले तरी पुरे. कडब्याचा दोर स्वस्तातला स्वस्त घ्या, त्यात कमीपणा नाही. माणसाच्या दोरात मात्र घासाघीस करू नका, आणि तो हाताशी नसेल त्या दिवशी विहिरीत कुणालाही उतरवू नका.